तीन दारांच्या तीन शिळा

गेल्या आठवड्यात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अख्खी दुपार माया संस्कृतीच्या दोन दगडांसमोर काढली. ते पाहिल्यापासून मनात जे चाललंय ते लिहून टाकते.

मेक्सिकोत उसुमासिंता नदीकाठी याशचिलान नावाचं माया नगर आहे. तिथल्या एका इमारतीला तीन दारं आणि प्रत्येक दारावर कोरीव दगडी पट्टी होती. मी पाहिलेले दोन दगड म्हणजे त्यातल्याच दोन पट्ट्या. आपल्याकडे गणेशपट्टी समोरून दिसते. हे कोरीवकाम मात्र पट्टीच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे उंबरा ओलांडताना मान वर करावी तेव्हाच दिसणार. पहिल्या पट्टीवर काबाल शोक राणी गुडघे टेकून जिभेतून काटेरी दोर ओढतेय. समोरच्या टोपलीत रक्त टिपलेले कागद, बाजूला राजा मशाल धरून उभा. तारीख इ.स. ७०९ ची. तिच्या वस्त्राची नक्षी इतकी बारीक की हातमागावरचं कापड वाटावं. खाचांत लाल-निळ्या रंगाचे अंश अजून आहेत.

माझ्या शेजारी कुणीतरी 'किती क्रूर' म्हणालं. मला ते पटलं नाही. ती राणी आहे, देवापूर्वजांना स्वतःचं रक्त देणं हे तिचं कर्तव्य आहे, आणि ते ती ताठ मानेने करतेय. दुसऱ्या पट्टीवर तिच्यापुढे भला थोरला सर्प उभा ठाकलाय आणि त्याच्या जबड्यातून एक योद्धा बाहेर येतोय.

अल्फ्रेड मॉडस्ले हा इंग्रज पुरातत्त्व अभ्यासक १८८२ मध्ये तिथे पोचला. लंडनला नेण्यासाठी वजन कमी व्हावं म्हणून पहिली शिळा तासून पातळ केली गेली. आज त्या दोन्ही शिळा लंडनच्या भिंतीवर सरळ टांगल्या आहेत आणि तिसरी मेक्सिको सिटीच्या मानवशास्त्र संग्रहालयात आहे. एकाच घराची तीन दारं, मध्ये अख्खा अटलांटिक!

वाघनखं लंडनहून साताऱ्यात आली तेव्हा, उसनी का होईना, आपल्याला काय वाटलं होतं ते आठवा. माया लोक काही संपलेले नाहीत. लाखो माणसं आजही माया भाषा बोलतात. त्याच भागातल्या जंगलात राहणारे लाकांदोन माया विसाव्या शतकातही याशचिलानला येऊन ऊद जाळत होते. त्यांच्या देवळाची दारं आहेत ही. तिन्ही शिळा पुन्हा एकत्र याव्यात, तिकडेच याव्यात, असं मला अगदी मनापासून वाटतं.

निघताना मी शिळेखाली जमिनीवर बसले आणि मान वर करून पाहिलं. मशालीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर कसा पडत असेल, ते तेव्हा कुठे थोडं कळलं.