१-०-१

डी.फार्म.चा निकाल लागला तेव्हा आईने "आमची पोरगी औषधांतली झाली" म्हणत आळीभर पेढे वाटले. "अगं, अजून पाचशे तास बाकी आहेत," असं मी सांगत होते, पण पेढ्यापुढे तासांना कोण विचारतं? परीक्षा झाल्यावर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं, किमान तीन महिन्यांत पसरलेलं. त्यातले निदान २५० तास खऱ्या चिठ्ठ्यांवरून औषधं देण्यात जायला हवेत. ते भरायला मी कराडातल्या एका मेडिकलमध्ये उभी राहिले. उभी म्हणजे अक्षरशः. दुकानात स्टूल एकच होतं आणि त्यावर दुकानवाले काका बसत.

डॉक्टरांनी सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ साली आला. त्यातल्या 'शक्यतो'ने घात केला. माझ्या हातात आलेल्या पहिल्या चिठ्ठीवर एक लाट होती, लाटेवर एक ठिपका आणि पुढे ४०. काकांनी चष्मा न लावताच सांगितलं, "टेल्मिसार्टन. बीपीची."

"कसं वाचलंत?"

"वाचतंय कोण? डॉक्टर कशाचा, पेशंट केवढा, आकडा काय, ते बघायचं. तरी शंका आली तर फोन लावायचा. हायड्रॉक्सिझिन खाजेला, हायड्रॅलझिन बीपीला. अंदाजाने द्यायला ही काय पाणीपुरी आहे?"

अक्षर एक वेळ परवडलं, गिऱ्हाईक परवडेना.

"ती पांढरी गोळी द्या."

"नाव?"

"गोल आहे."

दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या नि गोल. मी कोणत्या आजारासाठी, किती मिलिग्रॅम, असं तोंडी परीक्षेच्या थाटात विचारलं. गृहस्थ वैतागले. "तुम्ही राहू द्या. मागच्या वेळी ते टकलू होते ना, त्यांना माहितीय." टकलू माझ्या मागेच स्टुलावर होते. त्यांनी न बोलता बरोबर पाकीट काढलं, आणि माझ्याकडे बघत दिवसभर डोक्यावर टोपी ठेवली.

मग कात्री. आमच्या अभ्यासक्रमात कात्रीवर धडा नाही, खरं तर तोच पहिला हवा. दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या मागितल्या तर ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं, कापायचं दुसऱ्या बाजूने. मी पहिल्याच आठवड्यात छापलेलं टोक गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. मागे उरल्या सहा गोळ्या, ना बॅच ना तारीख. काकांनी त्या विकल्या नाहीत, एका डब्यात टाकल्या आणि डब्यावर लिहिलं, 'हिचं शिक्षण'. महिन्यात डबा अर्धा भरला. मला पगार नव्हताच, त्यामुळे त्यातून कापायचीही सोय नव्हती.

सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक दिलं की एच-वन, म्हणजे काटेकोर नोंद ठेवायच्या औषधांच्या, रजिस्टरात डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहावे लागतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. लोकांना ते पटत नाही. एका बाईंना पेशंटचं पूर्ण नाव विचारलं तर म्हणाल्या, "भाच्याचं आहे. पत्रिका पण देऊ का?"

आणि मग आजी आल्या. त्यांच्या पाकिटावर मी सुबक अक्षरात लिहिलं : १-०-१. आजींनी पाकीट लांब धरलं, जवळ धरलं.

"एकशे एक? हा आहेर लिहिलायस होय गं? का एवढ्या गोळ्या खायच्यात?"

मी सकाळ एक, दुपार शून्य, रात्र एक, असं समजावायला लागले. आजी 'शून्य'पाशी अडकल्या. "दुपारची शून्य गोळी कुठनं आणू?" काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, पाकिटावर एक सूर्य काढला, एक चंद्रकोर काढली आणि दोन्हींपुढे एकेक टिंब दिलं. आजी हसल्या. दोन वर्षं मी ओ.डी., बी.डी., टी.डी.एस., म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, असं घोकत होते. सूर्य काढायला कुणी शिकवलं नव्हतं. माझा पहिला सूर्य कोळ्यासारखा आला. आजींनी विचारलं, "ही ढेकणांची का?"

माझे पाचशे तास भरत आले त्या आठवड्यात आजी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. दुकान बंद करायच्या वेळी काकांनी आहेराचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"नाव घाल दुकानाचं."

"आणि किती घालायचे?"

काका शटर ओढत होते. "आजींना विचारून झालंय की," ते म्हणाले. "सकाळी एक, रात्री एक. दुपारची शून्य विसरू नको."