आकडे अरबी, गाडी पुण्याची

नोव्हेंबर महिना. वडिलांना बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी न्यायचं होतं. आपण अजून आहोत हे पेन्शनरनं वर्षातून एकदा सही करून सांगायचं, म्हणजे पुढच्या वर्षाची पेन्शन अडत नाही. वडील सही करतात, पण "दिसतोय ना मी?" असं समोरच्या कारकुनाला विचारल्याशिवाय करत नाहीत. तर मागे वडील, त्यांच्या टोपीवर आईनं जबरदस्तीनं बसवलेलं हेल्मेट, खाली आमची तेरा वर्षांची मोटरसायकल, अशी वरात घराजवळच्या चौकात पोचली आणि सिग्नलपलीकडच्या झाडाआडून एक हात बाहेर आला.

पुण्यात वाहतूक पोलिसाला मामा म्हणतात. तोंडावर साहेब म्हणतात. मामा दिसला की काय करायचं हे मला पाठ आहे. बसच्या डाव्या अंगाला दडायचं, नजरेला नजर द्यायची नाही, आणि चेहरा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बँकेत नेत असल्यासारखा करायचा. त्या दिवशी तर तो करावासुद्धा लागला नव्हता. पण आपली गाडी आतून किती खरी आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि ते कसं कोण जाणे मामाला शंभर फुटांवरून कळतं.

"लायसन."

दिलं. आरसी दिली. विमा दिला. पीयूसी तर दोनच आठवड्यांपूर्वीची, ती न मागता दिली. कागदांच्या बाबतीत मी फार टापटीप आहे. त्यानं ते सगळं पाहिलं, परत केलं, आणि मी किल्ली फिरवणार एवढ्यात त्याची नजर गाडीवर गेली. वडील पेपर तपासायला बसायचे तेव्हा त्यांचीही नजर अशीच व्हायची. शांत, सावकाश, लाल शाई जवळ असलेली.

"डावा आरसा कुठाय?"

डावा आरसा घरी आहे. आम्ही जिथं राहतो त्या बोळाची रुंदी मोटरसायकल अधिक एक आरसा एवढीच आहे. दोन आरसे घेऊन आत शिरलं तर एक आरसा जोशीकाकूंच्या तुळशीला लागतो, आणि तुळशीला लागलेल्या आरशाचा दंड पोलिसांच्या दंडापेक्षा जास्त असतो, शिवाय तो रोज भरावा लागतो. म्हणून डावा काढून ठेवला. उजवा आहे, पण त्याचा नट गंजलाय. गाडी थांबलेली असताना तो मागचं दाखवतो. ताशी तीसच्या पुढं गेलं की वाऱ्यानं हळूहळू फिरतो आणि मला मीच दिसायला लागतो. नाना पेठेत जाऊन नवा आणायचं गेली दोन वर्षं चाललंय.

हे सगळं मी सांगितलं नाही. "परवाच पडला," असं सांगितलं.

तो मागे गेला, उकिडवा बसला आणि टेललॅम्पकडे बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. मग नखानं कोपरा उचकटला.

"हे काय लावलंय?"

"जिलेटीन पेपर," वडिलांनी अभिमानानं सांगितलं. "गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा उरला होता."

टेललॅम्पची लाल काच फुटून वर्ष झालं होतं. आतला दिवा शाबूत होता. मेकॅनिक म्हणाला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. वडील म्हणाले, मागून लाल दिसल्याशी कारण. त्यांनी कंदिलाचा लाल कागद दुहेरी घडी करून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून इतका चोख बसवला होता की पावसाळासुद्धा काढला त्यानं. फक्त एक होतं. चिकटपट्टीच्या एका कडेला कंदिलाची सोनेरी झिरमिळी राहून गेली होती, ती गाडी पळायला लागली की मागे फडफडायची.

"ब्रेक दाबा."

दाबला. झिरमिळी हलली. दिवा लागला नाही.

तोवर आमच्याशेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. एकाच्या गाडीचा सायलेन्सर बदललेला. गाडी बंद करून पाच मिनिटं झाली होती, तरी त्याला कोणी काही विचारलं की तो ओरडूनच उत्तर देत होता, सवयीनं. असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतानाची चित्रं पेपरात अधूनमधून येतात. ती बघताना मला कायम त्या रोडरोलरच्या आवाजाचं कौतुक वाटतं. दुसऱ्या पोराच्या गाडीचा नंबर होता ८०५५. इंग्रजी आकडे जरा वाकवून लिहिले की त्याचा 'बॉस' होतो. ४१४१चा 'दादा' करतात तसाच. त्या बॉसचं वय असेल एकोणीस, आणि तो फोनवर आईला सांगत होता की, मी कॉलेजातच आहे.

आणि मग मामा उठला, दोन पावलं मागे सरकला आणि त्यानं आमची नंबरप्लेट वाचली.

आता या नंबरप्लेटबद्दल सांगायला हवं. गाडी २०१२च्या पाडव्याला घेतली. वडील त्याच वर्षी मराठी शाळेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं गणित शिकवलं. शोरूमवाल्यानं बसवलेली इंग्रजी प्लेट त्यांनी चौथ्या दिवशी उतरवली आणि पेठेतल्या एका पेंटरकडून नवी रंगवून आणली. पांढऱ्यावर काळं, शुद्ध देवनागरी. 'एमएच १२' आणि पुढं सगळं. पुढचं सांगत नाही, प्रकरण अजून ताजं आहे. पेंटर जुना माणूस. त्यातला नऊ त्यानं असा काढलाय की लग्नपत्रिकेवर छापावा.

"ही प्लेट चालत नाही," मामा म्हणाला.

"का? वाचता येत नाही का तुम्हाला?" वडील मागून.

माझ्या पोटात गोळा आला.

"येतं की. झेडपीच्या शाळेत शिकलोय."

"मग?"

"नियम आहे काका. अक्षरं इंग्रजी पाहिजेत, आकडे अरबी."

"अरबी?"

वडील एवढंच म्हणाले आणि गाडीवरून उतरले. हेल्मेट काढलं, ते माझ्या हातात दिलं, टोपी सारखी केली. मी ओळखलं, आता तास सुरू होणार. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि ज्या काउंटरवर वडील हयात आहेत हे ठरणार होतं तिथं साडेबाराला जेवणाची सुट्टी होते.

"हे आकडे अरबांचे नाहीत," वडील म्हणाले. "अरबांनी ते आपल्याकडून नेले. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. त्यानं या आकडेमोडीवर लिहिलं, ते हिंदी आकडे म्हणूनच लिहिलं. पुढं १२०२ साली फिबोनाची नावाच्या इटालियन माणसानं युरोपला हे आकडे शिकवले. तोसुद्धा काय म्हणतो? भारतीयांचे नऊ आकडे! तुला माहीत होतं का रे हे?"

हा शेवटचा प्रश्न बॉसला होता. बॉसनं फोन खिशात ठेवला आणि मान हलवली.

"आणि राज्यघटना काय म्हणते? कलम ३४३. सरकारी कामात वापरायचे ते भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप. घटना म्हणते भारतीय, तुमचा नियम म्हणतो अरबी. मग आता सांगा, बेकायदेशीर कोण?"

नियम मी नंतर घरी काढून वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम ५०. त्यात खरंच तसंच आहे. अक्षरं इंग्रजी, आकडे अरबी. पुढच्या ५१व्या नियमात मापंसुद्धा आहेत. मोटरसायकलच्या मागच्या बाजूला अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४०, जाडी ७, मधली जागा ५. हे वाचून दाखवल्यावर वडिलांनी फूटपट्टी आणून प्लेट मोजली. आकडे बरोबर चाळीस भरले. "पेंटरला नियम माहीत होता," ते म्हणाले. "भाषा फक्त त्यानं आपली वापरली."

पण हे नंतर. चौकात तेव्हा सायलेन्सरवाला ओरडून म्हणाला, "बरोबर बोलतायत काका!" आणि बॉसला वाटलं, वारा आपल्या बाजूनं फिरलाय.

"काका, मग माझी पण प्लेट चालायला पाहिजे ना?"

वडिलांनी वाकून त्याची प्लेट पाहिली. चष्मा वर केला, परत पाहिली.

"हा आठ आहे?"

"हो... म्हणजे बी."

"आणि हे पाच?"

"एस."

"आकड्याला अक्षर म्हणून खपवतोस? याला करा हो दंड," वडील मामाला म्हणाले. "याला आधी करा."

मामानं त्याला आधी केला. शिक्षकाची शिफारस होती.

माझी समजूत अशी की, दंड करताना पोलीस चिडतो. हा पोरगा चिडला नाही. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. उन्हानं रापलेला, गळ्यात चलनाचं मशीन, खांद्याला उलटी अडकवलेली पाण्याची बाटली. वडिलांचं सगळं बोलणं त्यानं ऐकून घेतलं. मध्ये एका ट्रिपल सीटला शिट्टी मारली, ते थांबले नाहीत, ते त्यानं सोडून दिलं. मग म्हणाला,

"काका, तुमचं सगळं पटलं. मला वाचता येतं. कॅमेऱ्याला येत नाही."

वर खांबावर कॅमेरा होता. आम्ही चौघांनीही वर पाहिलं.

"मग त्याला शिकवा," वडील म्हणाले.

"कोण शिकवणार? तुम्ही रिटायर झालात."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत वडिलांना निरुत्तर झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, आणि मग जणू वर्गात एखाद्या शेवटच्या बाकावरच्या पोरानं गणित सोडवलंय अशा नजरेनं त्याच्याकडे बघायला लागले. मला जरा असूयाच वाटली. माझ्याकडे त्यांनी असं दहावीच्या निकालालासुद्धा पाहिलं नव्हतं. अर्थात निकालही तसा नव्हता.

"पाचशे होतील," मामा म्हणाला. "पुन्हा सापडलात तर दीड हजार. आणि तसंही आता हायसिक्युरिटी प्लेट बसवायचीच आहे तुम्हाला, एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे."

ते मला माहीत होतं. महाराष्ट्रभर माहीत होतं. आधी ३१ मार्चची मुदत होती, मग ती वाढली, मग परत वाढली, त्या वेळी नोव्हेंबरअखेर होती आणि पुढं आणखी वाढली. गृहपाठ न करणाऱ्या वर्गाचा मास्तरवर असा विजय मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. दुचाकीला साडेचारशे आणि वर जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. पुढं आम्ही ती बसवली. ॲल्युमिनियमची, अशोकचक्राचा होलोग्राम असलेली, आणि अशा टाचणीनं ठोकलेली की काढायची म्हटली तर टाचणी तुटूनच निघते. वडिलांनी ती हलवून पाहिली आणि म्हणाले, "चौथ्या दिवसाचा बंदोबस्त केलेला दिसतोय."

जुनी प्लेट सध्या हॉलमध्ये फोटोंच्या रांगेत आहे. आजोबा, गणपती, प्लेट.

असो. चौकात मी पाचशे काढायला पाकीट उघडलं. मामानं मशीनवर नंबर टाकला. टाकताना तो एकेक देवनागरी आकडा बघून तोंडातल्या तोंडात इंग्रजी करत होता, आणि नऊपाशी जरा थबकलासुद्धा, कौतुकानं.

"आधीचं एक पेंडिंग आहे."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "मेसेज आला असता."

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

गाडी वडिलांच्या नावावर आहे. मेसेज वडिलांच्या फोनवर येतात. मी मागे वळून पाहिलं. वडील खांबावरचा कॅमेरा निरखत होते.

"आला होता एक," ते म्हणाले. "मी पुसून टाकला. खोट्या चलनाचे मेसेज येतात, लिंक दाबू नका, असं बँकेनंच सांगितलंय."

"हेल्मेट नाही," मामानं वाचलं. "ऑगस्टमधलं आहे. गुरुवार, सकाळी अकरा दहा."

मी गुरुवारी सकाळी अकरा दहाला ऑफिसात असतो. वडील दर गुरुवारी ग्रंथालयात असतात, चालत जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांनी गाडीला हात लावायचा नाही असा आईचा हुकूम आहे, आणि साखर वाढल्यापासून आणखीही बऱ्याच गोष्टींना हात लावायचा नाही असा डॉक्टरांचा.

"फोटो आहे," मामा म्हणाला आणि मशीन माझ्यापुढं धरलं.

फोटो मागून काढलेला होता. पाऊस होता. चालवणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. पण टोपी दिसत होती. शर्टाची उजव्या खांद्याची उसवलेली शिवण दिसत होती, जी मी रोज दोरीवर पाहतो. टेललॅम्पवरची सोनेरी झिरमिळी ओली होऊन लोंबत होती. आणि हँडलला मिठाईच्या दुकानाची एक पातळ पिशवी लटकत होती, जिच्यातली जिलबी पाव किलोच्या वर असावी.

मी काही बोललो नाही. मामाही बोलला नाही. बॉससुद्धा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, तोही गप्प राहिला.

वडिलांनी पुढं येऊन मशीन हातात घेतलं. चष्मा नाकावर खाली ओढला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मामाकडे वळले.

"बघा," ते म्हणाले, "भर पावसातसुद्धा नंबर किती स्वच्छ वाचता येतोय."