ग्रॅनाइट ग्लासात उतरत नाही

वाइनप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. फोटो बदलतो, मजकूर तोच. विषय फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीचा. म्हणणं थोडक्यात असं: अख्खी टेकडी ग्रॅनाइटची, वेलींची मुळं तो खडक फोडून खोल जातात आणि खनिजं शोषतात, म्हणून तिथल्या लाल वाइनला चक्क दगडाची चव येते, बाग जितकी उंचावर आणि उतार जितका उभा, तितकी वाइन सरस, द्राक्ष इराणच्या शिराझहून एका योद्ध्याने आणलेलं, आणि यात माणसाचं कर्तृत्व काही नाही, सगळी टेकडीची करणी.

टेकडीला श्रेय द्यायला माझी अजिबात ना नाही. पण ते कशाचं द्यायचं, हे तरी नीट ठरवू या.

आधी दगडाच्या चवीचं बघू. ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक. त्याचा स्वच्छ धुतलेला खडा जिभेवर ठेवून बघा, काहीही लागणार नाही. चव लागायला पदार्थ लाळेत विरघळावा लागतो आणि वास यायला तो हवेत उडावा लागतो. ग्रॅनाइट यातलं काहीच करत नाही. वेल खडक खात नाही, ती पाण्यात विरघळलेले क्षार घेते: पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे. पुढे वाइनमध्ये सगळे अजैविक क्षार मिळून भरतात साधारण ०.२ टक्के. त्यातही मोठा वाटा पोटॅशियमचा, आणि ते कुठल्याही जमिनीतल्या द्राक्षात असतंच. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे भूवैज्ञानिक ॲलेक्स मॉल्टमन हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. खडकांवर आयुष्य काढलेला माणूसच खडकाचं श्रेय नाकारतोय, तर निदान ऐकून घ्यावं.

मग ग्लासात नाक घातल्यावर गारगोटीसारखा वास येतो तो कसला? बऱ्याचदा आंबवताना तयार होणाऱ्या गंधकयुक्त संयुगांचा. पहिल्या पावसाचा मृद्गंध आपण मातीचा म्हणतो, पण त्यातलं जिओस्मिन मातीतले जिवाणू बनवतात, तसाच हा प्रकार. देवगडच्या कातळावरचा हापूस वेगळा लागतो हे आपण छातीठोकपणे सांगतो, पण त्याला जांभ्या दगडाची चव आहे असं कुणी म्हणत नाही. वाइनच्या बाबतीत मात्र हे खपून जातं.

टेकडी चव कशी घडवते, याचं माझं आवडतं उदाहरण काळ्या मिरीचं आहे. एर्मिताजच्या लाल वाइनचं द्राक्ष सिरा, म्हणजे आपल्याकडच्या बाटल्यांवरचं शिराझ. त्याला येणारा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा, आणि तेच संयुग खऱ्या मिरीतही असतं. लाल वाइनमध्ये एका लिटरला १६ नॅनोग्रॅम इतकं जरी असलं तरी ते जाणवतं. (पाचातल्या एखाद्या नाकाला ते अजिबातच जाणवत नाही; टेस्टिंगमधली निम्मी भांडणं यामुळे होत असावीत.) हे संयुग द्राक्षाच्या सालीत तयार होतं आणि गारव्यात जास्त तयार होतं. ऑस्ट्रेलियात माउंट लांगी घिरान इथल्या एकाच शिराझच्या बागेत जागोजागचं रोटंडोन मोजलं, त्या संशोधनाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बागेच्या एका भागात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि हा फरक जमिनीच्या चढउतारांशी जुळणारा. म्हणजे भूरूप चवीत उतरलं, पण दगडाच्या रूपाने नाही. ते उतरलं तापमानातून.

आता ऊन. आपल्याकडे त्याची टंचाई नाही, म्हणून हा मुद्दा चटकन डोक्यात येत नाही. एर्मिताज आहे ४५ अंश उत्तर अक्षांशावर. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश वर असतो. अशा वेळी दक्षिणेकडे २५ अंश कललेल्या उतारावर सपाट जमिनीपेक्षा साधारण ३३ टक्के जास्त थेट ऊन पडतं. शाळेतली त्रिकोणमिती काढून पडताळा घ्या. त्यात टेकडीच्या पायथ्याच्या तँ गावापाशी ऱ्होन वळते आणि टेकडीचं तोंड दक्षिणेकडे येतं. सिरा पिकण्याच्या दृष्टीने हा भाग पूर्वी थंडीच्या काठावरचा होता. तिथे ही जादा ऊब म्हणजे पीक साधणं आणि फसणं यातला फरक. अर्थात २००३ च्या उन्हाळ्यात तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली, तेव्हा हाच उतार अंगावर आला.

ऊन झालं, आता पाणी. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे मी सांगायला नको. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला वेलीला बेताचा ताण बसला की मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त येते, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा असतो सालीत. खाण्याच्या द्राक्षाला आपण फुगवण मागतो, इथे नेमकं उलटं हवं. फ्रान्समधल्याच बोर्दो या वाइनप्रदेशात जेरार सेगँ या संशोधकांनी नामांकित बागांच्या जमिनी तपासल्या, तेव्हा चांगल्या जमिनींना जोडणारा धागा खनिजांपेक्षा पाण्याच्या निचऱ्यात आणि बेताच्या पुरवठ्यात सापडला. एर्मिताजचा झिजलेला, वाळूसारखा ग्रॅनाइट पाणी झटकन सोडून देतो. त्याचं खरं काम हे.

आणि अख्खी टेकडी ग्रॅनाइटची? नाही. ग्रॅनाइट आहे तो पश्चिमेच्या अंगाला, बेसार नावाच्या भागात. तो मुळात नदीपलीकडच्या मासिफ सेंत्राल या डोंगराळ पठाराचा तुकडा. ऱ्होनने मधून वाट काढली आणि तो अलीकडे राहिला. शेजारच्या मेआलमध्ये जुन्या नदीपात्राचे गोटे आहेत, दिवसभर तापणारे. पायथ्याच्या ग्रेफिएमध्ये चिकणमाती. माथ्यावरच्या एर्मितमध्ये ग्रॅनाइटवर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा थर. सगळी मिळून सुमारे १४० हेक्टर जागा, आणि त्यात एवढी विविधता. इथल्या नामांकित वाइन उत्पादकांपैकी शाव घराण्याची लाल वाइन अशा अनेक तुकड्यांची द्राक्षं एकत्र करून बनते. झाबुलेची ‘ला शापेल’सुद्धा. तिचं नाव माथ्यावरच्या चॅपेलचं, म्हणून ती एकाच तुकड्यातली असावी असं पुष्कळांना वाटतं. शापुतिए मात्र तुकड्यांच्या वेगळ्या बाटल्या काढतात, त्या शेजारीशेजारी ठेवून फरक जरूर अनुभवावा.

मुळांबद्दल एकच. खडकाच्या भेगांतून काही मुळं खोल जातात हे खरं, पण बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात असतात. शिवाय ती सिराची नसतातच! १८६० च्या दशकात फिलॉक्सेरा या किडीने ऱ्होनच्या बागांचा फडशा पाडायला सुरुवात केली, तेव्हापासून तिथे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम करतात, आपण डॉगरीज खुंटावर करतो तसंच. तेव्हा ‘फ्रेंच मुळं फ्रेंच खडक पितात’ हे वाक्य कवितेत ठीक आहे.

उंच तितकं सरस, हेही ढोबळच. पायथ्याला माती जड, पाणी धरून ठेवणारी आणि थंड हवा साचणारी. माथ्यावर वारा जास्त, गारवा जास्त. उताराच्या मधल्या पट्ट्याला दोन्हींचा मेळ साधतो. फ्रान्समधल्याच बर्गंडीतही ग्रां क्रू या सर्वोच्च दर्जाच्या बागा बहुतेक मध्यावर आहेत, आणि तिथल्या कोर्तोंच्या टेकडीच्या डोक्यावर तर जंगल आहे.

शिराझची कथा दोन वाक्यांत संपते. १९९० च्या दशकाअखेर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या आणि मोंपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासला: सिराचे आईबाप द्युरेझा आणि माँदझ ब्लांश, दोन्ही त्याच परिसरातली फ्रेंच द्राक्षं. आणि १२२४ मध्ये टेकडीवर येऊन राहिल्याचं सांगतात तो सरदार गास्पार द स्तेरँबेर, दंतकथेच्या मूळ रूपातही, दक्षिण फ्रान्समधल्याच धर्मयुद्धातून परतला होता.

राहिला माणूस. फोटोत उतारावर ज्या आडव्या रेघा दिसतात, ते कोकणातल्या गडग्यासारखे नुसत्या दगडांवर दगड रचलेले बांध आहेत. ते नसते तर वेलीखालची माती कधीच ऱ्होनला मिळाली असती. तरीही जोराच्या पावसात ती वाहून खाली येते, आणि मग बागेतली माणसं ती गोळा करून परत वर नेतात. पुढच्या पावसात पुन्हा तेच.