कानाचे डोळ्यांना कळावे म्हणून

आमच्या घरी 2 जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो मोडीत काढायला नेला, तेव्हा दुकानदाराने झाकणही न उघडता तो तळहातावर तोलून पाहिला आणि जी किंमत सांगितली तीत आम्हा चौघांची मिसळही झाली नसती. त्या अपमानाने पेटून मी लॅपटॉप परत आणला, त्यावर डेबियन लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली चढवली आणि थाटामाटाचा डेस्कटॉप त्याला झेपणार नाही म्हणून नुसते ओपनबॉक्स बसवले. ओपनबॉक्स हा केवळ विंडो मॅनेजर आहे. खिडक्या उघडायच्या, सरकवायच्या, त्यांना चौकट द्यायची, एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपते. घड्याळ, खालची पट्टी, सूचना हे सगळे ज्याचे त्याने आणायचे असते. चार भिंती आणि छप्पर घरमालकाचे, बल्ब, पंखा आणि कडीकोयंडा भाडेकरूचा, असा तो व्यवहार आहे. मोबदल्यात लॅपटॉप असा धावू लागला की, त्याला त्या दुकानदाराच्या दारावरून एकदा मिरवत न्यावे, असे मला फार वाटे.

कुरबुर सुरू झाली ती आवाजावरून. कीबोर्डच्या वरच्या रांगेत कर्ण्याचे चित्र असलेली तीन बटणे होती, आणि तिन्ही मुकी होती. इतरांच्या संगणकावर ती दाबली की पडद्यावर एक देखणी पट्टी उमटते, आवाजाबरोबर भरते, ओसरते आणि आपले काम झाल्यावर अदबीने नाहीशी होते. ती पट्टी आपोआप येते, अशी माझी पन्नाशीपर्यंत समजूत होती. ती कोणीतरी लिहिलेली असते आणि आमच्या घरात तो कोणीतरी मीच असणार आहे, हे आता कळले.

“अहो, आवाज वाढला की कानाला कळतो ना? मग तो डोळ्यांना कशाला दाखवायचा?” बायकोने विचारले.

प्रश्न इतका बिनतोड होता की मी तो ऐकूच आला नाही असे दाखवले. वास्तविक त्याला उत्तर आहे. सकाळच्या ऑनलाइन मीटिंगला बसण्यापूर्वी, काहीच वाजत नसताना, आवाज किती ठेवलेला आहे हे आधी दिसलेले बरे असते. पण हे उत्तर मला दोन दिवसांनी सुचले, आणि तोवर घरात विषय भाजीपर्यंत पोहोचला होता.

पहिले काम म्हणजे बटणाचे नाव विचारणे. त्यासाठी एक्सईव्ही नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो एक पांढरी खिडकी उघडतो, आणि तिच्यात आपण जे काही कराल त्याची नोंद टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, करतो. ‘जे काही’ हे शब्द मी पुरेसे गांभीर्याने घेतले नव्हते. माउस अर्धा इंच हलला आणि दादरला लोकल रिकामी व्हावी तशा ओळी टर्मिनलमध्ये लोटू लागल्या. शेवटी माउस खाली ठेवून, श्वास रोखून, एका बोटाने बटण दाबले आणि त्या गर्दीतून 123 हा आकडा हाती लागला. आवाज वाढवण्याचे 123, कमी करण्याचे 122, बंद करण्याचे 121. मुलीच्या वाढदिवसाची तारीख मला कॅलेंडर पाहून सांगावी लागते, पण हे तीन आकडे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

बटण सापडले, तरी त्याने सांगायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच, कारण लिनक्समधला आवाज हे एकत्र कुटुंब आहे. तळाशी अल्सा, ती कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, राहते आणि साउंड कार्डाशी थेट बोलते. तिच्यावर 2004 पासून पल्सऑडिओचा कारभार होता. मग 2017 मध्ये पाइपवायर जाहीर झाले आणि हळूहळू पल्सऑडिओकडच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. त्याच्या हाताखाली कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे सोडायचा हे ठरवणारा जो गडी आहे, त्याचे नाव वायरप्लंबर, आणि हे नाव मी ठेवलेले नाही. म्हणजे नळाला तार जोडायची आणि बोलवायचे प्लंबरला. “अल्साच्या मिक्सरमधून होईल का पाहतो,” असे मी एकदा मोठ्याने पुटपुटलो, तर आतून लगेच उत्तर आले, “मिक्सरला हात लावायचा नाही, चटणी वाटायची आहे.”

ओपनबॉक्सची सारी व्यवस्था एका एक्सएमएल फाइलीत असते, आणि कोणत्या बटणाने काय करायचे हेही तिथेच लिहायचे. तीत प्रत्येक खूण उघडली की बंद करावी लागते, आणि एक बंद करायची मी विसरलो. फाइलीत चूक असल्याचा एक खलिता पडद्यावर आला, ओळीच्या क्रमांकासह. त्या ओळीवर काहीही चुकले नव्हते. चूक तेरा ओळी वर होती. शेजारच्यांच्या नळाची गळती आपल्या छतावर दिसावी, त्यातलाच हा प्रकार.

मग स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिली. आवाज पाच टक्क्यांनी वाढव, आता किती झाला ते विचार, आणि डन्स्ट नावाच्या सूचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तेवढी पट्टी काढायला सांग, एवढेच तिचे काम होते. पण वायरप्लंबर चाळीस टक्के असे सरळ सांगत नाही, तो 0.40 सांगतो. डन्स्टला पूर्णांक हवा असतो. आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या, मध्ये दुभाषा म्हणून बसलेल्या बॅशला दशांश अपूर्णांक येतच नाहीत. तिघे शहाणे, आणि शंभराने गुणायला एकही तयार नाही! अखेर 1977 साली बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या ऑक या प्रोग्रॅमला पाचारण केले. त्याने पन्नाशीच्या घरातल्या माणसाला शोभेल अशा मुकाट्याने गुणाकार करून दिला. त्या तिघांपेक्षा मला तोच जवळचा वाटला.

पहिली पट्टी उमटली तेव्हा मी घरच्यांना बोलावले. सगळे जमले. मी ऐटीत बटण दाबून धरले. दाबून धरलेले बटण सेकंदाला वीस-पंचवीस वेळा दाबल्यासारखे मोजले जाते आणि प्रत्येक दाबाला डन्स्ट नवी चौकट काढते, हे मला त्याच क्षणी, सर्वांच्या साक्षीने कळले. उजव्या कोपऱ्यातून पट्ट्यांची उतरंड खाली येऊ लागली: पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. एकीखाली एक, भोंडल्याच्या खिरापतीचे डबे रचावेत तशा. “बाबा, जाहिराती येतायत का रे?” मुलीने विचारले. सगळ्या सूचनांना एकच नाव दिले की नवी जुनीच्या जागी बसते, हा उपाय मला सापडला, पण तोवर प्रेक्षक पांगले होते.

त्यानंतर मी रात्री काम करायचे ठरवले. साडेबारा वाजले होते. काहीच वाजत नव्हते, त्यामुळे आवाज वाढवायला भय नव्हते. पट्टी भरत गेली आणि काठोकाठ भरल्यावर थांबली. मी आणखी दाबले. पट्टी हलली नाही. वा, म्हटले, मर्यादा पाळते. खात्रीसाठी आणखी पंधरा-वीस वेळा दाबले. थांबली होती ती फक्त पट्टी. आवाजाला शंभरावर थांबायचे असते, हे वायरप्लंबरला आपण होऊन सांगावे लागते, आणि मी सांगितले नव्हते. पट्टीशेजारी आकडा छापला असता तर दिसले असते, पण आकड्याने पट्टीचे सौंदर्य बिघडते, असे माझे मत पडले होते.

आवाज खरोखर येतो का हे पाहण्यासाठी मी स्पीकर-टेस्ट नावाची चाचणी चालवली. काही न सांगता चालवली तर ती पिंक नॉइज वाजवते. नावाने हा प्रकार नाजूक वाटतो. प्रत्यक्षात तो एक अखंड फूत्कार असतो, आणि त्या रात्री तो शंभर टक्क्यांच्या कितीतरी पलीकडून आला. घाबरून मी आवाज बंद करण्याचे बटण दाबले. क्रमांक 121. ते जोडायचे काम मी उद्यावर टाकले होते.

“एवढ्या रात्री कुकर कोणी लावलाय?” आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “सगळी वाफ जातेय, रिंग बसली नाही नीट!”

चालू काम थांबवणारे कंट्रोल-सी मला सुचेपर्यंत बायको उठून आली होती. ती आधी स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद असल्याचे पाहिले, आणि परत जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबली. “हाच का तो डोळ्यांना दाखवायचा आवाज?”

दुसऱ्या दिवशी मर्यादा घातली, 121 जोडले, आवाज बंद असताना पट्टी फिकट करून कर्ण्यावर काट मारली, आणि सौंदर्यदृष्टी गुंडाळून ठेवून शेजारी आकडाही छापला. ती पट्टी मी पुढचे तीन दिवस विनाकारण वरखाली करत असे.

रविवारी बायकोने लॅपटॉप ओट्यावर मागितला. तिला उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ पाहायचा होता. व्हिडिओ सुरू झाला, बाईंचे ओठ हलू लागले, आवाज नव्हता. असा प्रसंग मागून मिळत नाही. मी पुढे झालो आणि बटण दाबले. पट्टी उमटली, डौलात भरत गेली आणि शंभरावर थांबली. बाई मूकपणे उकड मळत होत्या. मी मोदकांवरच टर्मिनल उघडले आणि आवाज चुकून एचडीएमआयकडे, म्हणजे टीव्हीची केबल लावायच्या खोबणीकडे, तर जात नाही ना, हे तपासू लागलो. बायकोने पिठाच्या हाताने माझा हात बाजूला सारला, टर्मिनल मिटवले, व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या काट मारलेल्या छोट्या कर्ण्यावर टिचकी दिली, आणि “उकड गरम असतानाच मळायची” हे वाक्य शंभर टक्क्यांनिशी आमच्या कानांवर आदळले.

“मग इतका वेळ तुमची पट्टी कोणाचा आवाज दाखवत होती?” तिने विचारले.

प्रश्न चांगला होता. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा असतो, स्पीकरचा वेगळा असतो, आणि त्या दोहोंच्या गुणाकारातून जे उरते ते आपल्या कानापर्यंत येते, असे मी तिला अगदी मुळापासून सांगायला घेतले. अल्सापर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात तिने मिक्सर सुरू केला.