फ्लश ड्रॉ ‘कधीच पॅक करू नये’ हे खरे नाही

मुंबईत पत्ते खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो: टेक्सस होल्डेममध्ये (हातात दोन आणि टेबलावर पाच सामाईक पत्ते असलेल्या पोकरमध्ये) फ्लॉपवरच, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडताच, एका चिन्हाचे चार पत्ते जमले (हाच फ्लश ड्रॉ), तर कितीही मोठी बेट आली तरी पॅक करू नये, कारण फ्लशची, म्हणजे एका चिन्हाचे पाच पत्ते होण्याची, शक्यता ३६ टक्के असते आणि फ्लश लागला की पॉट (मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स) आपलाच. हा सल्ला नव्या खेळाडूंचे खरोखर नुकसान करतो.

त्या चिन्हाच्या उरलेल्या नऊ उपयोगी पत्त्यांना झटपट हिशेबासाठी चाराने गुणून ३६ येतात. नेमका हिशेब ३५ टक्क्यांचा आहे आणि हा फरक किरकोळ आहे. खरी चूक अशी की, ही शक्यता टर्न (चौथा सामाईक पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) या दोन्ही पत्त्यांची मिळून आहे. टर्ननंतर पुन्हा बेट येणार असेल, तर आत्ता भरलेल्या चिप्सच्या बदल्यात एकच पत्ता पाहायला मिळतो आणि तो हवा तो निघण्याची शक्यता न दिसलेल्या ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के एवढीच असते.

‘कितीही बेट’ हे शब्द तर सर्वांत घातक आहेत. पॉटमध्ये १००० चिप्स असताना समोरच्याने १००० लावून ऑल-इन केले, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावल्या, तर १००० भरून २००० जिंकण्यासाठी ३३.३ टक्के शक्यता पुरते. तेथे पुढे बेट नसल्याने दोन्ही पत्ते पाहायला मिळतात, शक्यता ३५ टक्के असते आणि कॉल (बेटएवढ्याच चिप्स भरणे) जेमतेम योग्य ठरतो. त्याने ५०० लावले आणि दोघांकडेही चिप्स शिल्लक असतील, तर ५०० भरून १५०० जिंकण्यासाठी २५ टक्के हवेत, आणि हाती आहेत १९. ही तूट भरून निघण्यासाठी फ्लश लागल्यावर त्याच्याकडून पुढे सरासरी सुमारे ६११ चिप्स मिळाल्या पाहिजेत. परंतु बोर्डवर एकाच चिन्हाचा तिसरा पत्ता पडलेला सर्वांनाच दिसतो आणि सावध खेळाडू तेथेच हात आखडता घेतो. तीन पत्तीत एकदा वाटलेले पत्ते बदलत नाहीत. दिवाळीत त्याच खेळावर हात बसलेल्या आपल्यापैकी अनेकांना येणाऱ्या पत्त्याची किंमत मोजण्याची सवयच नसते.

‘पॉट आपलाच’ हेही पुरते खरे नाही. आपल्या हाती इस्पिकचा एक्का आणि नऊ, फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री, आणि समोरच्याच्या हाती सत्त्यांची जोडी, म्हणजे फ्लॉपवरची धरून तीन सत्त्या, आहेत असे धरा. टर्नवर इस्पिकची दुर्री आली तर आपला फ्लश होतो, पण त्याच पत्त्याने त्याचे फुल हाउस (एका आकड्याचे तीन आणि दुसऱ्याचे दोन पत्ते, फ्लशपेक्षा वरचा हात) होते. इस्पिकचा दुसरा कोणताही पत्ता आला, तरी रिव्हरवर ४४ पैकी १० पत्ते त्याला वाचवतात.

उलट, खरोखर बलवान ड्रॉच्या बाबतीत हा सल्ला भित्रा ठरतो. हाती इस्पिकचे नऊ-आठ, फ्लॉपवर इस्पिकचे सात-सहा आणि चौकटचा राजा असेल, तर फ्लश किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) पुरे करणारे १५ पत्ते असतात आणि दोन पत्त्यांत त्यांपैकी एखादा येण्याची शक्यता ५४ टक्के होते. तेथे नुसता कॉल करत बसण्यापेक्षा आपणच रेज करणे (बेट वाढवणे) बहुधा योग्य असते, कारण समोरचा पॅक झाला तर कोणताही पत्ता न येता पॉट मिळतो.