पीडीएफ कॉम्प्रेस करायच्या आधी ग्राफ जेपीईजी करू नका

थिसिस सबमिशन जवळ आलं की पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. पीडीएफ कॉम्प्रेस केली की ग्राफच्या रेषा फाटतातच (म्हणजे खडबडीत, अस्पष्ट होतात), म्हणून आधीच सगळे ग्राफ ६०० डीपीआयचे (म्हणजे एका इंचात ६०० पिक्सेलचे) जेपीईजी करा, वर्डमध्ये टाका, पीडीएफ करा आणि साइझ जास्त झाली तर कुठल्याही वेबसाइटवर सगळ्यात जास्त कॉम्प्रेशन लावा, असं त्यात म्हटलंय. लोक मनापासून हे फॉलो करतायत आणि चार-पाच वर्षांच्या कामाचे ग्राफ वाचता न येण्यासारखे होतायत, म्हणून हे लिहितोय.

मुद्दा १, "कॉम्प्रेस केलं की रेषा फाटतातच." नाही. पीडीएफमध्ये ग्राफ दोन प्रकारे बसतो, एक म्हणजे व्हेक्टर, म्हणजे इथून इथपर्यंत एवढ्या जाडीची रेषा ओढ अशी सूचना, आणि दुसरा म्हणजे पिक्सेलची इमेज. पीडीएफ कॉम्प्रेस करणाऱ्या घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरचं 'स्क्रीन' सेटिंग रंगीत इमेज ७२ डीपीआयला उतरवतं, 'ईबुक' १५० ला, 'प्रिंटर' ३०० ला, पण हे सगळं इमेजपुरतं, व्हेक्टर रेषेचा डीपीआय कमी होण्याचा प्रश्नच येत नाही कारण तिला डीपीआयच नसतो. म्हणजे तुमची रेषा फाटली असेल तर बहुतेक वेळा ती आधीपासूनच इमेज होती. चेक करायला ओरिजिनल पीडीएफ १६०० टक्के झूम करा, कडा तशीच धारदार राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर इमेज. पॉपलर या पीडीएफ टूल्सच्या पॅकेजमधली पीडीएफइमेजेस कमांड 'लिस्ट' ऑप्शनने चालवली तर कुठल्या पानावर किती पीपीआयची (इंचाला किती पिक्सेलची) इमेज आहे तेही कळतं.

अपवाद आहेत. काही ऑनलाइन टूल्स अख्ख्या पानाचीच इमेज करून टाकतात. आणि पीडीएफ १.३ व्हर्जनला सेव्ह केलं तर ट्रान्सपरन्सी चालत नाही, ती १.४ पासून आली, त्यामुळे एरर बँडचा (मोजमापात किती फरक असू शकतो ते दाखवणारा) फिकट पारदर्शक पट्टा असलेलं पान इमेज होऊ शकतं. व्हर्जन १.४ किंवा वरचं ठेवा.

मुद्दा २, जेपीईजी. हा सगळ्यात घातक सल्ला आहे. जेपीईजी इमेजचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि त्यातले बारीक, झटकन होणारे बदल आधी टाकून देतं, फोटोत ते खपून जातं पण पांढऱ्यावर काळी रेषा म्हणजे निव्वळ झटकन होणारा बदल, म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना करडे ठिपके उठतात. वर बहुतेक सेटिंग्जमध्ये रंगाची माहिती दोन्ही दिशांना निम्मी होते, त्यामुळे पातळ लाल रेषा मळकट गुलाबी दिसते. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोला जेपीईजी ठीक आहे, पण ग्राफ इमेज म्हणूनच ठेवायचा असेल तर पीएनजी.

मुद्दा ३, "६०० डीपीआय दिलं की सेफ." वर्डच्या बऱ्याच व्हर्जन्समध्ये फाइल सेव्ह करताना इमेज आपोआप २२० पीपीआयला उतरते, तुमचे ६०० तिथेच गेले. ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' टिक करावं लागतं, आणि मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही. पुढे वेबसाइटने ७२ ला आणलं की काय होतं ते बघा. अर्ध्या पॉइंटची रेषा ७२ डीपीआयला अर्धा पिक्सेल भरते, म्हणजे ती नुसती करडी सावली उरते.

आता एक्सआरडीचं (एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या ग्राफचं) उदाहरण घ्या. कॉपर सोर्स, १० ते ९० डिग्री टू थीटा (आडव्या अ‍ॅक्सिसवरचा कोन), अ‍ॅक्सिस १५ सेंटीमीटर रुंद. ८० डिग्रीच्या आसपास के-अल्फा वन आणि टू (कॉपरच्या एक्स-रेच्या किंचित वेगळ्या दोन वेव्हलेंग्थ) यांचे पीक एकमेकांपासून साधारण ०.२४ डिग्री लांब असतात, कागदावर ते ०.४५ मिलिमीटर. ७२ डीपीआयचा एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा. दोन पीक मिळून एकच ढिगारा होणार आणि परीक्षक विचारणार की इथे स्प्लिटिंग का नाही. तुमच्या डेटात ते आहे हो, फाइलमध्ये नाही!

मग करायचं काय, तर मॅटप्लॉटलिब या पायथॉनच्या ग्राफ लायब्ररीतून थेट पीडीएफ सेव्ह करा, ओरिजिन या ग्राफच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ किंवा ईएमएफ काढा, नवीन वर्डमध्ये एसव्हीजीसुद्धा घालता येतं, हे सगळे व्हेक्टर ठेवणारे फॉरमॅट आहेत. साधा लाइन ग्राफ व्हेक्टरमध्ये काही केबीतच मावतो, त्यामुळे साइझचा प्रश्न मुळात येतच नाही. येतो तो लाख-लाख पॉइंट्सच्या स्कॅटरला (नुसत्या ठिपक्यांच्या ग्राफला), तिथे फाइल फुगते आणि पान उघडायलाही वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. पण त्यासाठी सगळा ग्राफ इमेज करायची गरज नाही, मॅटप्लॉटलिबमध्ये फक्त त्या पॉइंट्सना 'रास्टराइज्ड' ट्रू द्या आणि सेव्ह करताना डीपीआय ३०० किंवा ६०० ठेवा, अ‍ॅक्सिस आणि अक्षरं व्हेक्टरच राहतात. मशीनच्या सॉफ्टवेअरमधून फक्त स्क्रीनशॉटच मिळत असेल तर घोस्टस्क्रिप्टमध्ये डाउनसॅम्पलिंग (डीपीआय उतरवणं) बंद करा, ऑटो फिल्टर (जेपीईजी करायचं का ते आपोआप ठरवणं) बंद करा आणि फिल्टर 'फ्लेट' द्या, त्यात एकही पिक्सेल बदलत नाही.

एक शेवटचं, काही जण व्हेक्टर ग्राफसुद्धा स्क्रीनवर बघून खराब झाला म्हणतात, कारण एकाच जाडीच्या दोन रेषांपैकी एक जाड दिसते. ते अ‍ॅक्रोबॅटच्या 'एन्हान्स थिन लाइन्स' सेटिंगमुळे होऊ शकतं, प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखाली ते बंद करून बघा आणि मगच फाइलला दोष द्या.