द गॉल यांच्या युद्धकैदेबाबत खुलासा

‘शार्ल द गॉल पहिल्या महायुद्धात जर्मन कैदेतून निसटून पुन्हा आघाडीवर लढले’ हा प्रसृत झालेला दावा चुकीचा आहे. पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले, तेव्हा फ्रेंच लष्कराच्या ३३व्या पायदळ रेजिमेंटमधील हे अधिकारी ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील दिनाँ येथे आणि मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील शाँपान्य आघाडीवर जखमी झाले होते. २ मार्च १९१६ रोजी व्हर्दाँजवळील दुओमाँ येथे मांडीत संगीन लागून ते शत्रूच्या हाती सापडले, पण ते ठार झाले असे समजून त्यांच्या वरिष्ठांनी गौरवपर नोंदही केली. कैदेत त्यांनी पलायनाचे पाच प्रयत्न केले, ही जिद्द निःसंशय आदरास पात्र आहे. मात्र पाचही फसले आणि नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामानंतरच त्यांची सुटका झाली.